मेंढरं रानात बसवायचीत, आणि जुन्या आठवणी असतील तर त्या पण लिहा

खटावकर
नमस्कार मंडळी. वडूजजवळ आमचं थोडं मुरमाड रान आहे. वडील होते तोवर दर उन्हाळ्यात लेंडीखतासाठी तिथं रातीला मेंढरं बसायची, नंतर ते बंद पडलं. मी पुण्यात नोकरीला, रान वाट्यानं दिलेलं आणि वाटेकरी म्हणतो युरियाची पोती टाका न निवांत बसा. रानाचं पार धोंडं झालंय. यंदा वैशाखात परत मेंढरं बसवावीत म्हणतोय. फिरत्या मेंढपाळांचा वाडा गाठायचा कसा, पैसे ठरतात का अजून धान्यच देतात, कुणाला माहीत असेल तर सांगा. आणि इथं माण, खटाव, आटपाडी, जतकडची बरीच मंडळी आहेत, ज्यांच्या घरी मेंढरं होती किंवा ज्यांनी जवळून बघितलीत त्यांनी जरा सविस्तर लिहा की. आमच्या पोरांना मेंढरू फक्त मटणाच्या दुकानात टांगलेलं माहितीये.

कुसळ
पहिला नंबर माझा. आठवण: लहानपणी मेंढ्याला डिवचलं, मेंढ्यानं मला उचललं. संपली.

सांगलीची_हळद
@कुसळ कुठं लागलं ते राहिलं. सविस्तर लिहायला सांगितलंय.

माणदेशी_गडी
आमचंच घर मेंढरांचं, म्हसवडकडचं. लिहायला बसलो तर रात्र पुरायची नाही, तरी लिहितो.

दिवाळी झाली की वाडा हलायचा. चार-पाच घरांची खांडं, म्हणजे कळप, एकत्र, आणि एक कारभारी, ज्याला रस्ता, पाणी, कुठल्या गावात कुणाशी कसं बोलायचं हे सगळं तोंडपाठ. बिऱ्हाड घोड्यांवर. भांडी, धान्य, रातीला मेंढरं कोंडायची वाघरीची जाळी, त्याच्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि सगळ्यात वर दोन-चार दिवसांची कोकरं, नुसती तोंडं बाहेर. बाया घोडी घेऊन पुढं जायच्या, तळ गाठून तीन दगडांची चूल मांडायच्या, गडी मेंढरं चारत चारत दिवस मावळताना पोचायचे. आपल्या भागातली बरीच जण पाटणवरनं कुंभार्ली घाटानं चिपळूणकडं उतरायची, काही वरंध्यानं महाडकडं, आणि बाकीची कृष्णाकाठी, वाळवा पलूस मिरजेच्या उसाच्या पट्ट्यात. मिरगाच्या आत माघारी यायचंच, कारण कोकणातल्या पावसात मेंढरू तग धरत नाही, खुरं सडतात.

तळावर बघण्यासारखं काय असेल तर सांजेला आया रानातनं येतात न कोकरं सोडतात तो टाईम. दिवसभर कोकरं डालग्याखाली, आया चरायला. आया दिसल्या की सगळी एकदम ओरडायला लागतात, इकडनं कोकरं तिकडनं आया, शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. कोकरू पळत जाऊन दिसंल त्या कासंला तोंड लावतं, मेंढी त्याला शेपटीजवळ हुंगते, आपलं नसलं की डोस्कं मारून उडवते, ते उठून परत दुसरीकडं पळतं. थोड्या वेळात ज्याची त्याला गावते आणि सगळं गप्प, नुसत्या शेपट्या हलत असतात. ज्याची आई मेली ते एकटंच ओरडत फिरतं. मग चुलती त्याला काखंत घ्यायची आणि जिचं कोकरू मेलंय अशी मेंढी बघून तिचे मागचे पाय धरून त्याला खाली लावायची, असं रोज, ती घेईस्तोवर. नाहीच घेतलं तर मेलेल्या कोकराचं कातडं याच्या पाठीवर बांधायचं. वासाला फसते मेंढी, दोन दिवसात घेते.

मी आजीजवळ गावात राहून शाळा केली, सुट्टीत वाड्यावर. थोरला भाऊ कायमचा मेंढरामागं. त्यानं मला कधी विचारलं नाही काय शिकतोस म्हणून, पण त्याचा पोरगा दहावीत गेला तेव्हा पहिला फोन मला केला.

शनिवारचा_पुणेकर
वा, किती सुंदर लिहिलंय!! ना टेन्शन ना ट्रॅफिक. मला तर कधी कधी वाटतं सगळं सोडून चार मेंढ्या घ्याव्यात आणि मोकळ्या माळावर राहावं. बाय द वे ओरिजिनल घोंगडी कुठं मिळेल? ऑनलाईनची फसवी असतात म्हणे.

आटपाडीची_आक्का
@शनिवारचा_पुणेकर दादा घ्या की चार मेंढ्या, कोण नको म्हणतंय. पण एक रात पावसात वाघरीभोवती हुबं राहून बघा मग लिहा.

२०२१ च्या डिसेंबरात सुरुवातीलाच अवकाळी पाऊस झाला ध्यानात आहे का कुणाच्या? आमचे पाव्हणे तवा पुणे जिल्ह्यात चारायला गेलेले. पाऊस न थंडी एकदमच, वर छप्पर नाही, आडोसा नाही, मेंढरं भिजून गारठून गेली. पुणे नगर भागात त्या दोन-तीन दिवसात हजारांनी मेली. पाव्हणी सांगत होती, सकाळी कुठलं जितं न कुठलं मेलं ते पायानं हलवून बघायला लागलं. पंचनाम्याला माणूस येईस्तोवर मेलेली तिथंच राखत बसायची, कुत्री हाकलत. ज्यानं कर्ज काढून खांड वाढवलंवतं तो तिथनंच मुंबईला हमालीला गेला.

आन सगळी जण मेंढक्या मेंढक्या करत्यात, बाईचं नाव कोण घेत नाही. पाणी आणायचं ती, घोडं लादायचं ती, भाकरी ती, कोकरं ती, बाळंतीण झाली तर पाचव्या दिवशी वाडा हलला की चालायचं पण ती. बसली की हातात चरखा, लोकर कातायची. माझ्या सासूबाईला मी रिकाम्या हातानं बसलेली बघितलीच नाही कधी.

माणदेशी_गडी
आक्का एकदम खरं बोलला. माझ्या लिहिण्यात आई आलीच नाही, चुलती आली ती पण कोकरापुरती.

चिपळूणची_लेक
आता सासर कऱ्हाड, पण माहेर चिपळूणजवळ, त्यामुळे मी वाडा दुसऱ्या बाजूनं बघितलाय. आमच्याकडे भात कापून मळे रिकामे झाले की बाबा रोज घाटाकडे बघायचे, आले का आले का. त्यांचं आमचं ठरलेलं, आजोबांपासून तोच वाडा. आज या मळ्यात, उद्या पुढच्या, जाळं रोज सरकायचं. मोबदला भात, तेही आमच्याच कोठारातनं मापून. ते मेंढीचं दूध द्यायचे कधी कधी, इतकं दाट की चहा ओठाला चिकटायचा.

आई आम्हाला भीती घालायची, जेवली नाहीस तर वाड्यावर देऊन टाकीन. मी तर ताट तसंच ठेवायचे. त्यांच्याकडे घोडा होता.

कुसळ
@चिपळूणची_लेक शेवटी दिलं का नाही वाड्यावर?

चिपळूणची_लेक
कऱ्हाडात दिलं. घोडा नाही मिळाला.

वारणाकाठ
सगळ्यांच्या आठवणी वाचल्या, चांगल्या आहेत, आता माझी वाचा. आमचा हरभरा घाटं धरलेला. रात्री कुठनंतरी खांड शिरलं आणि सकाळी बघतो तर वावर रिकामं, बांधावर लेंड्या. वाडा तोवर पुढच्या गावच्या हद्दीत. विचारायला गेलो तर आमची नव्हती म्हणतात, मागनं दुसरा वाडा आला आसंल म्हणतात. लेंडीखत फुकट मिळालं म्हणून समाधान मानायचं का? एकदा नव्हे, आमच्या भावकीत प्रत्येकाकडं असा एक तरी किस्सा आहे. मेंढरं बसवायला माझी ना नाही, पण रात्री मोकळी सोडणाऱ्याला तुम्ही लोक गाण्यातला धनगर करून ठेवता.

माणदेशी_गडी
@वारणाकाठ तुमचं नुकसान झालंय त्यावर मी वाद घालणार नाही. असे असतात आणि त्यांच्यामुळं मागनं येणारा वाडा शिव्या खातो, आम्हीही खाल्ल्यात.

पण दुसरी बाजू अशी की मेंढरू चालणार कुठनं? पूर्वी गावागावाला गायरान होतं, ओढ्याकडंची पडीक असायची. आता गायरानावर कुठं बांधकाम, कुठं सोलर, कुठं कुणाचं तरी कुंपण. टेंभू न म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी आलं, लई चांगलं झालं, आमच्या पिढ्या त्या पाण्यासाठी झुरल्या, पण पाणी आलं तसं आटपाडी, कवठेमहांकाळकडं डाळिंब, द्राक्ष न ऊस झाला, माळ राहिला कुठं? डोंगरात जावं तर चराईबंदी, गार्ड दिसला की दंड. रस्त्यानं जावं तर ट्रकवाला हॉर्न देऊन मेंढरं बिथरवतो. खत सगळ्यांना पाहिजे, मटण सगळ्यांना पाहिजे, घोंगडी पुणेकरांना पाहिजे, वाट मात्र कुणी देईना.

वारणाकाठ
वाटेचं पटलं. हरभऱ्याचे पैसे कोण देणार तेवढं सांगा.

कुसळ
पुणेकर देतील. घोंगडीच्या बिलात धरा.

शनिवारचा_पुणेकर
मी फक्त घोंगडी विचारली होती हो 🙏

मागावरचा
घोंगडीचं मी सांगतो, आम्ही सणगर, घोंगडी विणणारे, आमच्या आज्यापर्यंत माग चालू होता, वडिलांनी मोडला.

वर्षातनं दोनदा मेंढरं कातरायची. आधी ओढ्यात घालून धुवायची, मग एकेक मेंढरू आडवं पाडून पाय बांधायचे आणि कातरीनं पोटाकडनं सुरुवात. हात बसलेला माणूस असला की लोकर एका सलग पांघरुणागत निघते, अंगाला ओरखडा नाही. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, ती सगळ्यात मऊ, जावळाची घोंगडी बाळंतिणीसाठी नाहीतर देवासाठी मागून घेत. लोकर पिंजायची, सूत धनगराच्या घरची बाई कातायची (आक्का वर म्हणाल्या तेच), आणि ते सूत आमच्याकडं यायचं. ताणा लावला की चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून, फोलपट काढून, दळून शिजवायचे, ती खळ कुंचानं ताण्यावर ओढायची. गल्लीत शिरलं की वास यायचा त्याचा. नवी घोंगडी म्हणून तर कडक असते पत्र्यासारखी, वापरून वापरून मऊ पडते. जी हातात घेतल्या घेतल्या मऊमऊ लागते आणि काळीकुळकुळीत एकसारखी दिसते तिथं शंका घ्या, पुणेकर. मेंढराचा काळा कधी एकसारखा नसतो, उन्हानं टोकं तांबूस पडलेली असतात.

आता माग का मोडला. लोकरीला भाव नाही. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून लोक कातरून लोकर ओढ्यात फेकतात, मी डोळ्यानं बघितलंय. त्यात लोकरीची काळी दख्खनी मेंढी कमी झाली आणि सगळे माडग्याळच्या मागं लागले, तिला लोकर नावाला. मग सूत येणार कुठनं?

जत_पूर्व
माडग्याळचं नाव निघालं म्हणजे आम्हाला बोलायला लागतंय 😎 माडग्याळ आमच्या जत तालुक्यातलं गाव, तिथली मेंढी उंच, पांढऱ्या अंगावर तांबडे पट्टे, लांब कान न पोपटागत बाकदार नाक. कोकरू जन्मताच दांडगं, वजन झपाट्यानं धरतं. जातिवंत मेंढ्याच्या किमती ऐकून ट्रॅक्टरवाला लाजतो. २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात एका मेंढ्याला ७० लाखाला मागितलं, मालकानं दिला नाही, पेपरात फोटो आलेला. लोकर नाही म्हणता, पण घर कशावर चालतं, लोकरीवर का किलोवर?

मागावरचा
किलोवरच चालतं, म्हणून तर माग मोडला म्हटलं. तक्रार नाही, कारण सांगितलं.

सांगलीची_हळद
७० लाख नाकारले??? आमच्याकडं हळदीला शंभर रुपये वाढवून दिले तरी आम्ही टेम्पो भरतो.

लोणंद_फलटण
@जत_पूर्व ती ७० लाखाची गोष्ट शर्यतीच्या बैलासारखी आहे, हौसेची किंमत. लोणंदच्या बाजारात येऊन बघा, साध्या गाभण मेंढीवर धनगर किती वेळ घासाघीस करतो ते. दात बघतात, दोन दाती का चार दाती, कास चाचपतात, पाठीवरनं हात फिरवतात. हातावर रुमाल टाकून बोटांनी भाव करायची पद्धत मी लहानपणी बघितली, शेजारच्याला कळत नाही आकडा.

आणि फलटणच्या निंबकर शेती संशोधन संस्थेचं काम कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दख्खनी मेंढी बहुतेक एकच कोकरू देते. यांनी बंगालच्या सुंदरबनातली गरोळ नावाची बारकी मेंढी आणली, तिच्यात जुळी देणारा जीन आहे, तो दख्खनीत उतरवून नारी सुवर्णा केली. ज्यांच्याकडं चारा-पाणी आहे त्यांना परवडली.

आटपाडीची_आक्का
जुळी गोठ्यावर ठीक. वाटंवर मेंढीला एकाला पुरंल एवढं दूध आलं तरी देव पावला. दुसरं मग बाटलीवर, म्हंजे परत बाईच्याच गळ्यात.

ढोरडॉक्टर
पशुवैद्यक आहे, माण-खटावमध्येही काम केलंय. दोन-तीन गोष्टी कामाच्या सांगतो कारण हा धागा मेंढ्या असलेलेही वाचत असतील.

पावसाच्या आधी आंत्रविषाराची लस चुकवू नका. पहिल्या पावसानं कोवळं गवत येतं, मेंढरं अधाशासारखी खातात आणि सगळ्यात तगडं, सगळ्यात खाणारं कोकरू सकाळी मरून पडलेलं असतं, लोक म्हणतात करणी केली. करणी नाही, तो आतड्यातला जिवाणू आहे. पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या बुळकांडीची लस घेऊन ठेवा. आणि ज्वारी काढल्यावर फुटवे येतात त्या रानात उपाशी खांड घालू नका, किराळ लागतो, म्हणजे फुटव्यातलं विष बाधतं. फुगतं, धापा टाकतं, अर्ध्या तासात संपतं. त्यावर इंजेक्शन आहे पण मी पोचेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. जुनी माणसं अशा रानाला बरोबर वळसा घालून जायची, नवी पोरं मोबाईल बघत मागनं चालतात.

एक मान्य करावं लागेल, लंगडणारं मेंढरू शंभरात मला दिसायच्या आधी मेंढक्याला दिसतं. नंबर नाही, टॅग नाही, तोंडावरनं ओळखतात. संध्याकाळी एक कमी आहे हे मोजायच्या आधी कळतं आणि कुठलं कमी आहे तेही.

कुसळ
डॉक्टर, मला उचललेला मेंढा ओळखून दाखवतील का?

ढोरडॉक्टर
तो तुम्हाला ओळखेल.

जत_पूर्व
देवाचं कुणी लिहिलंच नाही. आरेवाडीचं बिरोबाचं बन! जत्रेला गेला नसाल तर जावा, भंडाऱ्यानं माणूस डोळ्यापर्यंत पिवळा होतो. ढोल न कैताळ सुरू झालं न गजी नाचणाऱ्यांनी रुमाल उडवला की पाय जाग्यावर राहत नाहीत. ओवीवाला सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडतो ते रात्रभर.

लोणंद_फलटण
आमच्या घरची माणसं पट्टणकोडोलीला जायची, विठ्ठल बिरदेवाला, भाकणूक ऐकायला. पाऊस कसा, रोगराई कशी. आजोबा भाकणूक ऐकून ठरवायचे यंदा खांड वाढवायचं का विकायचं.

वारणाकाठ
आणि हरभरा कुठं पेरलाय ते पण भाकणुकीत कळायचं का 😀

माणदेशी_गडी
@वारणाकाठ तुमचा हरभरा आता आमच्या सात पिढ्या विसरणार नाहीत.

सरकारी_योजना_वाचक
कुणी तरुण यात उतरणार असेल तर राजे यशवंतराव होळकर महामेष योजना बघा, २० माद्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर, भटक्या जमाती क म्हणजे धनगर प्रवर्गासाठी. शेळी-मेंढी महामंडळाची प्रक्षेत्रं आपल्याकडं दहिवडी आणि रांजणीला आहेत, तिथं जाऊन विचारलं तर जातिवंत नराचं कळतं.

आटपाडीची_आक्का
गट मिळतो हो. चारायला माळ मिळंल का त्या योजनेत?

खटावकर
बापरे, दोन दिवस बघितलं नाही तर एवढं लिहिलंत. डोळं भरून वाचलं. पण मंडळी, माझा प्रश्न राहिला बाजूला, वैशाख जवळ आलाय. वाडा गाठायचा कसा?

माणदेशी_गडी
सांगतो. परत फिरणारे वाडे उन्हाळा संपता संपता आपल्या बाजूला येतात तेव्हा रस्त्यालाच गाठायचे, नाहीतर बाजारला जायचं, तिथं कुणालाही विचारलं तर कारभाऱ्याचा नंबर मिळतो, आता सगळ्यांकडं मोबाईल आहेत. पूर्वी रातीला पायलीनं जोंधळा न संध्याकाळचं कालवण असायचं, आता बहुतेक रोख, शेकड्यावर ठरतं, किती मेंढरं न किती राती. आधीच बोलून घ्या. दोन गोष्टी बघा: वाघर रोज हलवायला सांगा, नाहीतर एकाच जागी ढीग न बाकी रान कोरडं. आणि पाणी. रानाजवळ पाणी नसंल तर कुठलाही वाडा थांबणार नाही, कितीही पैसे द्या.

ढोरडॉक्टर
उठल्यावर लेंड्या उन्हात वाळू देऊ नका, लगेच कुळवाची पाळी घालून मातीआड करा, मूत मुरलेलं असतं त्याचाच निम्मा फायदा आहे. आणि पहिल्या पावसानंतर रानात बाभळी उगवतील ते बघून घाबरू नका. मेंढरं शेंगा खाऊन येतात, बी पोटातनं जसंच्या तसं येतं न चांगलं रुजतं. खुरपून टाकायच्या.

खटावकर
वाटेकऱ्याला आत्ता हेच वाचून दाखवलं फोनवर. म्हणतो बाभळी तुम्ही येऊन खुरपा.

कुसळ
बरोबर आहे त्याचं.

आटपाडीची_आक्का
@खटावकर भाऊ, बाकी सगळं सांगितलं यांनी. मी एवढंच सांगते, वाडा बसंल तवा रानात जावा तर बाईसाठी चहापूड साखर न रॉकेल नाहीतर सरपण घेऊन जावा, गड्याला पैसे देऊन झाल्यावर तिला पण विचारा काय लागतंय. आन कोंबड्या असतील तर कोंडून ठेवा, वाड्याची कुत्री कुणाचं ऐकत नाहीत.

वारणाकाठ
आणि शेजाऱ्याचा हरभरा काढून झालाय का तेवढं बघा.